पाटणादेवी ते पितळखोरे: एका जुन्या घाटवाटेचा फेरा

चाळीसगावहून पाटणादेवीला येणारे बहुतेक जण चंडिकेचं दर्शन घेतात, पावसाळा असला तर धवलतीर्थाचा धबधबा पाहतात आणि परततात. पितळखोऱ्याची लेणी पाहणारे वर कन्नडकडून गाडीने येतात आणि तिकडूनच माघारी फिरतात. मध्ये जिल्ह्याची हद्द आहे: खाली जळगाव, वर छत्रपती संभाजीनगर. या हद्दीने एका स्थळाचे दोन तुकडे केले आहेत. कण्हेरगडावरची नागार्जुन लेणी आणि सीतेची न्हाणी पाहून, दरीच्या वाटेने पितळखोरे गाठून पुन्हा देवळापाशी उतरायचं, असा दिवसभराचा फेरा पायी मारला तरच लक्षात येतं की हा पैठणच्या पठाराला खानदेशाशी जोडणाऱ्या घाटवाटेचा भाग असावा.

याला दोन्ही टोकांना लेखी आधार आहे. पितळखोऱ्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, दान कोरलेलं आहे. तिथली यक्षमूर्ती, जी आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं तिच्यावरच लिहिलं आहे. खाली पाटणला 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अध्ययनासाठी मठ काढला, एवढंच त्यातलं सांगितलं जातं. मला त्यातला मराठी भाग जास्त मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावरच्या राजाच्या उत्पन्नातून मठाला दान दिल्याचं तो सांगतो. आज जिथे झाडी आहे तिथे जकातीजोगी पेठ होती.

दोन पुराव्यांत हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा माल भडोचला गाड्यांनी जाई असं म्हटलं आहे, आणि या दरीतून गाडी चढणार नाही. गाड्या दुसऱ्या, सोप्या घाटाने जात असतील; पण पाठीवर ओझं घेतलेला बैल, भिक्खू, कारागीर यांना ही वाट पुरेशी होती. डोंगराची भिंत तर बदललेली नाही. तिथून जवळच औट्रम घाटातून धुळे-सोलापूर महामार्ग आजही तीच भिंत ओलांडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, इथे बिबट्याचा वावर आहे, माणसांची वर्दळ वाढवायची कशाला? म्हणूनच पायवाट पायवाटच राहिली पाहिजे. वनखात्याच्या परवानगीने, गावातला वाटाड्या घेऊन, मोजक्याच लोकांनी जावं. वाढवायचेच असतील तर दोन फलक वाढवावेत: वर मितदेवाच्या दानाचा आणि खाली पाटणच्या केण्याचा.