सव्वा महिन्यानंतरची राहून गेलेली तपासणी

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि ‘आता तू दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ असा उपदेश घरातील प्रत्येक वडीलधारे माणूस करू लागते. या उपदेशामागील माया खरी आहे. परंतु याच सुमारास गर्भवतीच्या देहात जो निराळा व्यवहार चालू असतो, त्याची वार्ता या मायेला नसते. गर्भाचे पोषण करणारी वार अशी काही संप्रेरके निर्माण करते, की ज्यांच्यामुळे मातेच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून हा ताण निभावून नेते. ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते. हाच गरोदरपणातील मधुमेह होय.

त्याचे वैशिष्ट्य असे, की तो बहुधा कोणतीही तक्रार करीत नाही. मातेची साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग गर्भाचे स्वादुपिंडच जादा इन्सुलिन निर्माण करते आणि त्या बळावर बाळ अंगाने प्रमाणाबाहेर वाढते. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनी मांडलेली ही उपपत्ती आज सर्वमान्य आहे. आपल्याकडे अशा बाळाला कौतुकाने ‘गुटगुटीत’ म्हणतात! प्रत्यक्षात त्याचे खांदे प्रसूतीच्या वेळी अडकण्याची भीती असते, आणि नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबला तरी इन्सुलिन उरलेले असल्याने त्याची साखर एकाएकी खाली येऊ शकते.

उपाय अवघड नाही. ऑस्ट्रेलियातील पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आहाराचा सल्ला, साखरेवर नजर आणि गरजेनुसार इन्सुलिन एवढ्यावर नवजात बालकांतील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ४ वरून १ वर आले. प्रश्न उरतो तो रोग ओळखण्याचा. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या व त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी साधी रीत पुढे आणली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर दर १०० मिलिलिटरमागे १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर उपचार सुरू. गर्भवती जेवून आली की उपाशी, हे पाहावयाचे नाही. केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच रीत स्वीकारली. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा, असा तिचा क्रम आहे. उपाशीपोटीच्या चाचणीचा आग्रह धरणारे तज्ज्ञ या रीतीत काही रुग्ण निसटतात असे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण पहाटेची एस.टी. पकडून येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी या’ असे सांगितले, तर ती बहुधा येतच नाही.

अंगाने सडपातळ असलेल्या बाईला मधुमेह कसा होईल, हाही समज टिकत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ कमी, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून असलेली आढळली.

एवढे सारे घडूनही सर्वांत मोठी हेळसांड प्रसूतीनंतर होते. वार पडते, साखर बहुधा पूर्ववत होते आणि घरचे म्हणतात, ‘सुटलो एकदाचे!’ वस्तुतः अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतरांच्या सुमारे सातपट असतो, असे २००९ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले. बोस्टनच्या डॉ. ओसुलिव्हन यांनी १९६४ मध्ये या रोगाचे पहिले निकष ठरविले, तेही मातेला पुढे मधुमेह होतो की नाही याच कसोटीवर. जी चाचणी मातेच्या भवितव्यासाठी जन्मली, तिच्यातून आज माताच गळाली आहे.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करावी, असे सरकारी सूचनाच सांगतात. पण सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना सरून गेल्यावरचे दिवस. बाळंतीण तेव्हा माहेरी असते, तिचे आधीचे कागद सासरच्या गावच्या दवाखान्यात, आणि पुढ्यात डिंकाचे व अळिवाचे लाडू. माहेरच्या डॉक्टरांना पूर्वेतिहास ठाऊक नाही. सासरी परतते तेव्हा मुदत उलटलेली असते. आपल्या प्रकृतीचे कोणी विचारले नाही, याचे तिलाही फारसे नवल वाटत नाही.

वास्तविक याच दिवसांत ती एकदा हमखास आरोग्य केंद्राची पायरी चढते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसी त्याच वेळच्या असतात, आणि त्या चुकवू नयेत एवढी जाण आता खेडोपाडी पोहोचली आहे. त्या दिवशी तिने सकाळी काही न खाता यावे, बाळाला लस देण्यापूर्वी तिचे रक्त घ्यावे, ग्लुकोज पाजावे आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यावे, एवढीच व्यवस्था हवी. अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी राहणे जड जाईल, दोन तास बसावयाला पंख्याखालची जागा आणि बाळाला घेणारे कोणी लागेल, हे खरे. पण निदान प्रसूतीगृहातून निघताना तिच्या हाती दिलेल्या कागदावर तो दिवस आणि ती चाचणी ठळक अक्षरांत लिहिलेली असावी, आणि तो कागद तिच्या आईला व नवऱ्याला कोणीतरी वाचून दाखवावा.