जुनी नौका : लहान बरी की मोठी ?

पैनगंगेच्या तीरावरील किनवटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. सागवानाच्या वनांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात शिडाची नौका दृष्टीस पडणे कठीणच. तथापि वापरलेली नौका घेण्याचा प्रश्न नदीकाठच्या ग्रामपंचायतीपुढे किंवा तलावावर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थेपुढे केव्हाही उभा राहू शकतो. समोर दोन जुन्या नौका असतात, एक लहान व एक मोठी. किमतीत फारसा फरक नसेल तर मोठीचा मोह होतो. तो मोह योग्य की अयोग्य, हे ठरविण्यासाठी आकारमानाचे काही नियम जाणून घेणे अगत्याचे आहे. पैसा सार्वजनिक असतो आणि नौकेत माणसे बसावयाची असतात.

एक नाविक, दोन नौका

या नियमांची सर्वांत कठोर परीक्षा महासागरावर होते. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधण्यात आली व २००९ मध्ये नौदलाकडे आली. तिची लांबी सुमारे १७ मीटर, वजन सुमारे २३ टन आणि डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने प्रस्थान ठेवले आणि वाटेत चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. याच वापरलेल्या नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात, कोठेही न थांबता, सुमारे २३,००० सागरी मैलांची प्रदक्षिणा केली.

पुढे टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ‘बयानत’ ही जुनी नौका वापरली. रस्लर ३६ या प्रकारातील ही नौका पावणेअकरा मीटर लांब व सुमारे साडेसात टन वजनाची होती. २३६ दिवसांनंतर, २९ एप्रिल २०२३ रोजी, ते दुसऱ्या क्रमांकाने परतले. या शर्यतीचा मार्ग अधिक लांबीचा होता व आधुनिक दिशादर्शक साधनांना तीत मनाई होती. त्यामुळे दोन्ही प्रवासांच्या दिवसांची थेट तुलना करणे योग्य होणार नाही. नौकांची तुलना मात्र अत्यंत उद्बोधक आहे.

लांबी दीडपट, वजन तिप्पट

पाणी कापीत चालणाऱ्या नौकेच्या वेगाची मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. लांबी चौपट झाली तरी वेग दुप्पटच होतो. वजन मात्र लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींबरोबर वाढते. ‘बयानत’पेक्षा ‘म्हादेई’ लांबीने सुमारे दीडपट आहे. ढोबळमानाने तिच्या वेगाची मर्यादा सव्वापट, तर वजन तिप्पट आहे.

खर्च वेगामागे जात नाही, वजनामागे जातो. मोठे शीड, जाड दोर, अधिक रंग आणि अधिक शक्तीचे इंजिन या सर्व गोष्टी मोठ्या नौकेला दरवर्षी लागतात. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. देखभालीची किंमत नौका असेपर्यंत द्यावी लागते. मोठी नौका लाटांवर अधिक स्थिर राहते व अधिक माणसे वाहते, हा तिचा खरा गुण होय. परंतु चार माणसांनी उचलून पाण्यात सोडता येते ती होडी पुराच्या रात्री उपयोगी पडते. जिच्यासाठी वाहन व यारी शोधावी लागते, ती काठावरच राहण्याचा संभव असतो.

आकारापेक्षा अवस्था महत्त्वाची

नवेपणा हीदेखील सुरक्षिततेची हमी नव्हे. २०१८ च्या शर्यतीत टॉमी यांच्याकडे गोव्यात नव्याने बांधलेली ३२ फुटी ‘थुरिया’ होती. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या टॉमींची दुसऱ्या जहाजाने सुटका केली. २०२२ च्या प्रवासासाठी जुन्या नौकेची त्यांनी कसून दुरुस्ती करून घेतली. तरीही वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र वाटेत निकामी होऊ लागले, तेव्हा शौचालयाच्या दाराच्या फळीतून त्याचे भाग तयार करण्यात आले.

‘थुरिया’ ज्या नौकेच्या नमुन्यावर बांधली गेली, ती ‘सुहेली’ १९६० नंतरच्या दशकात मुंबईत सागवानापासून तयार झाली होती. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. प्रवासात फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा त्यांनी पाण्याखाली बुडी मारून सांधे बुजविले. पुढे ही नौका ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. परंतु तेथील कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्याने २००२ मध्ये ती बाहेर काढावी लागली. समुद्राने जे केले नाही ते कोरड्या हवेने केले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काठावर उघडी पडलेली लाकडी होडी पावसाळ्यात गळते, त्याचे कारण हेच होय.

खरेदीपूर्वीची तपासणी

लाकडी तळावर लहान हातोडीने ठोकून पाहावे. निकोप लाकूड खणखणीत, तर कुजलेले बद्द वाजते. काचतंतूच्या नौकेवर फोड आले आहेत काय, हे पाहावे. सुकाणू हलवून त्यातील ढिलेपणा तपासावा. लोखंडी खिळे व बोल्ट यांवरील गंजाकडे दुर्लक्ष करू नये. शिडाच्या नौकेत डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारांचा एकही पेड तुटलेला नसावा. इंजिन काठावर चालवून न पाहता पाण्यात, ओझ्यासह चालवून पाहावे. शेवटी, शांत व उथळ पाण्यात अपेक्षित माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवून नौकेचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, हे मोजावे.

नौका कोणत्या कामासाठी हवी, ती चालविण्यास किती माणसे नित्य उपलब्ध असतील आणि दरवर्षी देखभालीची तरतूद कोठून होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या ठरावात आधी नोंदविली जावीत. ती नोंदविली गेली की लहान बरी की मोठी, हा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो.