जुन्या व्हॉल्व्हची पारख

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ किंवा रेकॉर्ड वाजवायचा अ‍ॅम्प्लिफायर ज्यांच्या घरात अजून आहे, त्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच. आवाज बसला, खरखर यायला लागली. आता व्हॉल्व्ह कुठला आणायचा? दुकानात गेलं की आकडे आणि परदेशी नावं कानावर पडतात, आणि किंमत ऐकून आपली बोलती बंद होते. म्हणून थोडी पारख आपल्यालाच असावी.

सुरुवात नावापासून. आमच्या घरी अब्बांचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यात एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि एक ईझेड ८१ आहे. ही युरोपी पद्धतीची नावं. पहिलं ‘ई’ म्हणजे आतली तार ६.३ व्होल्टवर तापते. ‘सी’ म्हणजे ट्रायोड. दोन ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. ‘एल’ म्हणजे स्पीकर हलवणारा जोरकस पेंटोड, ‘झेड’ म्हणजे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. आकड्यातला ८ सांगतो, की खाली नऊ पिना आहेत. अमेरिकी पद्धतीत ईसीसी ८३ ला १२ एएक्स ७ आणि ईएल ८४ ला ६ बीक्यू ५ म्हणतात. वस्तू तीच, नाव वेगळं.

पण पिना बसतात म्हणून कुठलाही व्हॉल्व्ह घालू नये. ईसीसी ८२ त्याच सॉकेटात बसतो; मात्र ईसीसी ८३ चा वर्धनांक १००, तर याचा २० च्या आतबाहेर. आवाज लहान होईल, आणि दोष विनाकारण अ‍ॅम्प्लिफायरच्या माथी जाईल.

आता काच पाहा. आत, बहुधा माथ्याशी, चांदीसारखा डाग असतो. तो बेरियमचा, उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी असतो. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नका.

नावाच्या छपाईवर मात्र विसंबू नका. ती बोटाने पुसली जाते आणि नव्याने छापताही येते. शिवाय कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने विकत असत. फिलिप्स आणि मलार्डच्या बऱ्याच व्हॉल्व्हांवर काचेच्या तळाशी बारीक खुणा असतात. समजा, ‘बी ५ एच २’ दिसलं, तर ‘बी’ म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ‘एच’ म्हणजे ऑगस्ट, २ म्हणजे दुसरा आठवडा. मला एका दुकानात मलार्डचं नाव छापलेला व्हॉल्व्ह चढ्या किमतीला दाखवला गेला. छपाई कोरी करकरीत, तळाशी खूण नाही. मी तो परत ठेवला.

ईएल ८४ दोन असतील तर ते जोडीचे, म्हणजे सारखा प्रवाह ओढणारे घ्यावेत. आणि नवे घालण्याआधी जुने कागदी कपॅसिटर कारागिराकडून तपासून घ्यावेत. ते गळत असले, तर व्हॉल्व्हमधला धातूचा पत्रा लालबुंद होतो आणि महागडी जोडी पाहता पाहता संपते. पत्रा लाल दिसला, की लगेच बटण बंद करा. मात्र बंद केल्यावरही आत ३०० व्होल्टपर्यंत वीज साठून राहू शकते. ती जीव घेऊ शकते. माहिती नसलेल्याने आत हात घालू नये.

स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही नवे व्हॉल्व्ह बनतात, आणि घरच्या ऐकण्याला ते पुरतात. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला ईसीसी ८३ बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. त्याला बाजारात मलार्डची किंमत नाही. पण टेस्टरवर तो चांगला भरतो, आणि अब्बांच्या रेकॉर्ड त्यावर स्वच्छ वाजतात. चालता व्हॉल्व्ह केवळ नावापायी काढू नये.