प्रवाळाच्या उंबरठ्यावरचं सांडपाणी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की लार्गोपासून की वेस्टपर्यंत, बेटांची एक लांबलचक रांग आहे. फ्लोरिडा कीज म्हणतात तिला. समोरच्या समुद्रात प्रवाळांची भिंत, आणि बेटांवरच्या घरांतला मैला मात्र कित्येक दशकं शोषखड्ड्यांत नाही तर सेप्टिक टँकमध्ये. खाली माती जवळजवळ नाहीच. आहे ती भोकाभोकांची चुनखडी. संशोधक जॉन पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी की लार्गोतल्या एका सेप्टिक टँकमध्ये माणसाला निरुपद्रवी असे विषाणू सोडून पाहिले. अकरा तासांत ते शेजारच्या कालव्यात सापडले आणि तेवीस तासांत किनाऱ्यालगतच्या समुद्रात. हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘टाकीत गेलं म्हणजे निस्तरलं’ हा समज तिथे उरला नाही.

प्रवाळांना खरा त्रास होतो तो नायट्रोजनचा. सांडपाण्यातला फॉस्फरस चुनखडी बऱ्यापैकी धरून ठेवते, नायट्रोजन मात्र तिच्यातून निसटतो. समुद्रात या दोघांचं प्रमाण बिघडलं की प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला फॉस्फरस पुरत नाही आणि प्रवाळ उष्णतेने लवकर पांढरे पडतात. याच बेटांसमोरच्या लू की या प्रवाळभिंतीवरच्या तीस वर्षांच्या नोंदी २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. १९८४ साली तिथे तळाचा सुमारे ३३ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. २००८ पर्यंत तो ६ टक्क्यांच्याही खाली आला. तापलेलं पाणी आणि रोग यांचाही त्यात वाटा आहेच. पण पाणी तापणं एका तालुक्याएवढ्या वस्तीला थांबवता येत नाही, नायट्रोजन थांबवता येतो.

फ्लोरिडाने १९९९ मध्ये कायदा केला. दिवसाला एक लाख गॅलन, म्हणजे पावणेचार लाख लिटरच्या वरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन चालणार नाही. घरगुती सांडपाण्यात तो साधारण चाळीसच्या आसपास असतो. एवढा खाली आणणं हे जिवाणूंचं काम. टाकीत हवा सोडली की काही जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. मग हवा सोडणारा ब्लोअर बंद होतो आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. आता दुसरे जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. मात्र या दुसऱ्या फळीला खायला कार्बन लागतो. तो कमी पडला तर बाहेरून घालावा लागतो. हवा थोडी जास्त वेळ चालू राहिली, तरी गणित चुकतं. हे केंद्र चालवणाऱ्या ऑपरेटरचं कौशल्य प्रवाळांच्या चर्चेत फारसं कुणाच्या तोंडी येत नाही, ते यायला हवं.

मैला केंद्रापर्यंत आणणंही सोपं नव्हतं. जमीन सपाट, थोडं खणलं की खारं पाणी. उतारावरची गटारं टाकायची कशी? की लार्गोत निर्वात वाहिन्या घातल्या. दोन-चार घरांचं पाणी रस्त्याकडेच्या एका खड्ड्यात साठतं. साधारण चाळीस लिटर झालं की तिथली झडप दाबाच्या फरकावर आपोआप उघडते, विजेशिवाय. आत घुसणारी हवा मैला पुढे ढकलत नेते.

आणि शेवटी शुद्ध केलेलं पाणी जातं कुठे? पुन्हा जमिनीतच, बोअरमधून. मोठ्या केंद्रांना, दिवसाला दहा लाख गॅलन किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या, दोन हजार फुटांखाली जावं लागतं. त्याहून छोट्यांना नव्वद फुटांचं उथळ बोअर चालतं. पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. ते त्या सच्छिद्र खडकातून वर येऊ पाहणारच. याच रांगेतल्या कजो की इथे मासेमारांनी आणि रहिवाशांनी याच मुद्द्यावर उथळ बोअरला विरोध केला, आणि अखेर तिथे खोल बोअर घेतलं गेलं. एक लाख गॅलनच्या आतल्या केंद्रांना मात्र अजूनही दुहेरी सूट आहे: बोअर उथळ, आणि नायट्रोजनची मर्यादा ३ नव्हे, तर १० मिलिग्रॅम.