फोन लागत नाही तेव्हा

घरातले मूल अठरा-वीस वर्षांचे झाले की त्याचा एकट्याने रात्रीचा प्रवास सुरू होतो. कोकणात तर त्याला पर्यायच नसतो. घर रत्नागिरीला, कॉलेज आणि नोकरी मुंबईला. सुटीचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तिकीट काढायचे ते रात्रीच्या गाडीचे. लेकरू बर्थवर झोपते, घरी अम्मी तसबीह घेऊन जागी.

ही काळजी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यातला बराच भाग फोनमुळे वाढतो. रत्नागिरीहून मुंबईकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात करबुडेच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तिथे फोन कुठला लागणार? पुढेही बोगद्यांची रांगच आहे. त्यात रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा रेल्वेचा नियम. मध्यरात्री फोन बंद लागला तर बहुतेक वेळा कारण एवढेच असते. घरच्यांना हे आधीच ठाऊक असावे, आणि निघताना फोन पूर्ण चार्ज असावा.

काळजी फक्त मुलींचीच वाटते असेही नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर कितीतरी घरांत दाढी राखलेल्या मुलाला निघताना सांगितले जाऊ लागले, ‘बेटा, डब्यात कुणाशी वाद घालू नकोस, कुणी काही बोलले तरी गप्प राहा.’ असे सांगताना बापाला काय वाटत असेल, ते बापालाच ठाऊक.

रात्री एकट्याने प्रवास करण्याबाबत रसूलुल्लाह (स.) यांनी सावध केल्याची हदीस बुखारीत आहे. आपल्याकडे ती मुलीलाच ऐकवली जाते. हदीसमध्ये मात्र उल्लेख स्वाराचा आहे. मुलालाही सोबत शोधायला सांगावे. गावातला कुणी त्याच गाडीने निघाला असेल तर दोन तिकिटे एकत्र काढणे काही अवघड नाही.

मुलीला एकटीने जावेच लागत असेल तर स्लीपर डब्यात महिलांसाठी सहा बर्थचा राखीव कोटा असतो, त्यातून तिकीट मागावे. रेल्वेचा मदत क्रमांक १३९, पोलिसांचा ११२. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिकिटाची काही गडबड झाली तरी पुरुष सोबती नसलेल्या महिलेला रेल्वे कायद्याच्या कलम १३९ नुसार रात्री गाडीतून उतरवता येत नाही. हे मुलीला पाठ असावे, म्हणजे कुणी दटावले तर ती घाबरणार नाही.

पण आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. डब्यात कुणी त्रास दिला तर मुली घरी सांगत नाहीत. सांगितले तर पुढच्या वेळी जाऊ देणार नाहीत, कॉलेज सुटेल, ही भीती त्यांना त्या माणसापेक्षा मोठी वाटते. मग घरी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ एवढेच येते आणि आईबाप निश्चिंत होतात. आम्हाला वाटते, निघण्यापूर्वी अब्बांनीच स्पष्ट सांगून टाकावे: काहीही घडले तरी फोन कर, शिक्षण थांबणार नाही. आणि हा शब्द पाळावा.

राहिला प्रश्न उतरण्याचा. पहाटे अंधारात गाडी ठाण्याला पोहोचली तर लगेच रिक्षा शोधत बाहेर पडण्यापेक्षा उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसलेले बरे. मुंब्र्याला खाला राहत असते, पण ‘एवढ्या पहाटे त्यांना कशाला उठवायचे’ म्हणून मुले फोन करत नाहीत. तो फोन अम्मीने आदल्या दिवशीच करून ठेवावा. खाला त्या वेळी फज्रसाठी उठलेली असतेच.