रिकाम्या घरट्यांचे कोडे

हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर बोटीमागे घिरट्या घालणारे पांढरे-करडे पक्षी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. ते कुरव, इंग्रजीत सी-गल. त्यांच्याच कुळातला हेरिंग गल हा मोठा पक्षी उत्तर अमेरिकेतील मोठ्या सरोवरांच्या काठी वसाहत करून राहतो. नर व मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे अंडी उबवतात. घरट्याजवळ कोणी फिरकले, तर कलकलाट करून अंगावर झेपावतात.

१९७०नंतरच्या काही वर्षांत ऑन्टारिओ सरोवरावर मात्र या पक्ष्यांना पिल्लेच होईनात. दहा जोड्यांमागे जेमतेम एखाददुसरे पिल्लू जगे. अंडी तपासली, तेव्हा त्यांत डीडीटी आणि पीसीबी ही रसायने भरपूर सापडली. पीसीबीची ओळख आम्हा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली. हे तेल वीज वाहू देत नाही, सहजी पेटत नाही आणि वर्षानुवर्षे बिघडत नाही. हा शेवटचा गुणच पुढे नडला. सरोवरात गेलेले पीसीबी सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत आणि शेवटी पक्ष्यांच्या चरबीत साठत गेले.

पण दोष अंड्यात होता की उबवणाऱ्यात? ग्लेन फॉक्स, डेव्हिड पीकॉल व त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांनी सोपी युक्ती केली. सरोवरावरची अंडी दूरच्या स्वच्छ वसाहतीतील घरट्यांत ठेवली आणि तिथली अंडी इकडे आणली. दोष दोन्हीकडे निघाला! आतले जीव विषाने मरत होतेच, पण आईबापांचे वागणेही बिघडले होते. मग घरट्यांत तापमान मोजून रेडिओने कळवणारी अंडी ठेवण्यात आली. माझ्या मते या साऱ्या शोधातील सर्वांत देखणे उपकरण हेच. अंडे थंड पडले, म्हणजे पक्षी उठून गेला. ज्या घरट्यांत अंडी फुटली नाहीत, तेथील पक्षी जास्त वेळ बाहेर राहत होते. माणूस जवळ आला तरी ते पूर्वीसारखे झेपावतही नसत.

रसायनाने वागणे कसे बदलते? मित्रांनो, शरीरातील ग्रंथी संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, रक्तात सोडतात. त्यांचे प्रमाण अगदी अल्प असते. थायरॉइड ग्रंथीचे थायरॉक्सिन घ्या. मोठ्या माणसाच्या साऱ्या रक्तात ते अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तर त्यांचे वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. वाढत्या मेंदूतील पेशींना आपापल्या जागी पोचून एकमेकींशी जोडून घेण्यासाठीही हेच संप्रेरक लागते.

थायरॉक्सिन रक्तातून काही प्रथिनांवर बसून प्रवास करते. शरीरात पीसीबीपासून बनणारी काही रसायने रचनेने त्याच्यासारखीच असल्यामुळे, एस.टी.त रुमाल टाकून जागा अडवावी तशी, त्यांतल्या एका प्रथिनावरची जागा अडवतात. थायरॉक्सिन कमी पडले की ग्रंथी जास्त राबते आणि सुजते. या सरोवरांवरील हेरिंग गलांच्या थायरॉइड ग्रंथी सुजलेल्या असल्याचे १९८६ साली प्रसिद्ध झाले. मात्र पक्ष्यांच्या बेपर्वाईचे सारे खापर एका पीसीबीवर फोडता येत नाही. सरोवरात अनेक रसायनांची खिचडी होती.

मेंदूवरील परिणामाचा पुरावा कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावर मिळाला. तेथे कागदाचा लगदा क्लोरीनने पांढरा करणाऱ्या गिरणीतून डायऑक्सिन हे विष पाण्यात जाई. जवळच्या बगळ्यांच्या नवजात पिल्लांत मेंदूचे डावे व उजवे अर्ध सारखे नव्हते. डायऑक्सिन कमी झाले, तसा पुढच्या पिल्लांतील हा फरकही कमी होत गेला.

ऑन्टारिओवरही रसायने कमी झाली आणि १९८०च्या आतच पक्षी पुन्हा नीट अंडी उबवू लागले. कॅनडाच्या वन्यजीव खात्याने १९७४पासून दरवर्षी अंडी गोळा करून काही गोठवून ठेवली. पुढे अधिक सूक्ष्म उपकरणे आल्यावर जुनी साठवलेली अंडी पुन्हा तपासली, तेव्हा १९७१च्या अंड्यांतही डायऑक्सिन सापडले. मूळ तपासणीच्या वेळी त्याचा कोणाला पत्ताही नव्हता.