बीटी वांगे आणि अन्नसुरक्षेचा वाद

वांग्याच्या पिकास शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीपासून फार मोठा उपद्रव होतो. अंड्यातून बाहेर पडताच अळी कोवळ्या शेंड्यात अथवा फळात शिरते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेतकरी फवारण्या वाढवितो. विषाचा अंश मात्र फळावर राहतो.

यावर उपाय म्हणून जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले. जमिनीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुक वांग्यात घातल्याने झाड स्वतःच एक कीडनाशक प्रथिन तयार करते. अळीच्या अन्ननलिकेतील पाचकरस अल्कधर्मी असतो. तेथे हे प्रथिन आतड्यास चिकटून छिद्रे पाडते. मनुष्याचे जठर आम्लधर्मी असल्याने प्रथिन तेथे पचून जाते, असे पुरस्कर्त्यांचे म्हणणे. विरोधकांचे आक्षेप निराळे होते. चाचण्या बियाणे कंपनीच्याच पुढाकाराने झाल्या. उंदरांवरील ९० दिवसांच्या चाचणीवरून दीर्घकाळच्या परिणामांचा अंदाज येत नाही. शिवाय वांग्याच्या असंख्य देशी वाणांत हे जनुक परागांवाटे शिरेल. हा शेवटचा आक्षेप खाण्याविषयीचा नव्हे, हे ध्यानी घ्यावे. वादात दोन्ही प्रश्नांची नेहमी गल्लत होते.

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने या वाणास अनुकूलता दर्शविली. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या व ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती दिली. वांगे विषारी ठरले म्हणून ती दिलेली नव्हती. जनतेचा विश्वास बसेल अशा स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, हा तिचा आधार होता. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली व तेथील शेतकरी २०१४ पासून हे वांगे पिकवू लागले.

२०१९ मध्ये हरियाणात विनापरवाना बीटी वांग्याची लागवड उघडकीस आली. अशा चोरट्या बियाण्याची हमी कोणीही देत नाही आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये ही लागवड बेकायदेशीर ठरते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतकऱ्यांस स्पष्टपणे सांगावे.

मलूल पडलेले शेंडे दर आठवड्यास अळीसह छाटून नष्ट करावेत. शेतात कामगंध सापळे लावावेत. फवारणीनंतर वेष्टनावर नमूद केलेले दिवस पुरे झाल्याखेरीज फळे तोडू नयेत, मग बाजाराचा दिवस चुकला तरी चालेल.